घबराटीची सबब

सार्वजनिक नळाचे पाणी दूषित झाल्याची इत्तला लोकांस तत्काळ दिली तर घबराट माजेल, तेव्हा कारण निश्चित होईपर्यंत मौन पाळणे हेच जबाबदार अधिकाऱ्याचे कर्तव्य होय, असे मानणारा एक पक्ष आहे. आणि त्याचे म्हणणे वरवर पाहता पोक्त वाटते म्हणूनच त्याचा परामर्श घेणे अवश्य आहे.

६ जुलै १९८८ रोजी इंग्लंडातील कॉर्नवॉल परगण्यात, कॅमलफर्डनजीकच्या लोअरमूर जलशुद्धीकरण केंद्रावर कोणीही हजर नसताना, एका बदली टँकरचालकाने २० टन ॲल्युमिनियम सल्फेट भलत्याच टाकीत ओतले, आणि ते सुमारे २०,००० माणसांच्या नळांत उतरले. पाणी आम्लधर्मी होऊन नळ्यांतील तांबे त्यात विरघळले. कित्येकांचे केस हिरवट झाले, कोणास ओकाऱ्या होऊ लागल्या, कोणाचे तोंड आले. आणि तक्रार करणाऱ्यांस उत्तर मिळाले ते असे की, पाणी निर्धोक आहे, चव खटकत असल्यास त्यात संत्र्याचा रस घालावा! खरे कारण अंमलदारांस काही दिवसांतच उमगले होते. परंतु लोकांस ते कळले १६ दिवसांनी, २२ जुलैच्या वृत्तपत्रातील एका सूचनेवरून. पाणीपुरवठ्याच्या खाजगीकरणाचा बेत त्याच सुमारास शिजत होता हे ध्यानी घेतले, म्हणजे या मौनाने लोकांच्या मनःशांतीपेक्षा खात्याच्या अब्रूचीच अधिक राखण झाली, असा संशय कोणास आला तर त्यास दोष देता येत नाही. घबराट तरी टळली काय? नळ्या धुताना नदीत सोडलेल्या पाण्याने हजारो मासे मेले, ते लोकांच्या डोळ्यांदेखत. आणि खुलासा करणारा कोणी नसल्यामुळे त्यांच्या भयाला अफवेवाचून दुसरा आधारच उरला नाही.

प्रतिपक्षाचा एक मुद्दा मात्र मला मान्य आहे. कारण न जाणता दिलेला उपदेश घातक ठरू शकतो: उकळल्याने जंतू मरतात, पण धातूंचे क्षार नाहीसे होत नाहीत, उलट पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण वाढते. (पावसाळा लागताच ‘पाणी उकळून प्यावे’ एवढे छापून मोकळ्या होणाऱ्या आपल्या नगरपालिकांनीही हा भेद लक्षात ठेवावा.) परंतु यातून निष्पन्न होते ते मौन नव्हे, कारण कळेपर्यंत ‘हे पाणी पिऊ नये’ एवढे सांगण्यास कोणत्याही प्रयोगशाळेच्या परवान्याची गरज नसते.

मे २००० मध्ये कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात, वॉकर्टन गावी, गुरांच्या शेणातील ई. कोलाय जंतू अतिवृष्टीमुळे सार्वजनिक विहिरीत उतरले. तसा अहवाल १७ मे रोजीच हाती पडलेला असताना पाणीखाते आरोग्याधिकाऱ्यांना सारे ठीक असल्याचे सांगत राहिले. परंतु त्या अधिकाऱ्यांनी २१ मे रोजी, पाणी दूषित असल्याचा पुरावा हाती येण्याची वाट न पाहता, रुग्णांच्या आजारावर विसंबून पाणी उकळण्याची सूचना जाहीर केली, आणि त्यांच्या स्वतःच्या नमुन्यांनी दोन दिवसांनी त्यांचा तर्क खरा ठरवला. रोगाने ७ जणांचा बळी घेतला व सुमारे २,३०० माणसे आजारी पडली. सूचना आणखी लांबती तर हा आकडा कोठे गेला असता, याची कल्पना मौनवाद्यांनीच करावी.

या अधिकाऱ्यांचीही एक कसूर झाली. त्यांनी सूचना स्थानिक रेडिओवर सोपवली, आणि न्यायमूर्ती डेनिस ओ’कॉनर यांच्या चौकशीत असे आढळले की, पुष्कळांना ती त्या दिवशी कळलीच नव्हती. सुमारे ५,००० वस्तीच्या गावात त्याच संध्याकाळी दारोदार माणसे पाठवणे काही अशक्य नव्हते.