घड्याळांचा संग्रह : हौस करा, पण हिशेबाने

चंद्रपूर-बल्लारपूर भागात ज्यांचे बालपण गेले, त्यांना वेळ कळायची ती खाणीच्या भोंग्याने. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की घरोघरी चुलीवर तवा चढायचा. मनगटी घड्याळ ही चीज लग्नात जावयाला मिळायची, नाही तर निवृत्तीच्या दिवशी साहेबांच्या हातून. माणसाला आयुष्यात एक घड्याळ, फार तर दोन. आज चित्र पालटले आहे. कोळसा खाणी, औष्णिक वीज केंद्र, भद्रावतीची आयुध निर्माणी आणि आता गडचिरोलीतले सूरजागडचे लोहखनिज यांमुळे पगारदार तरुणांची संख्या वाढली आहे. वेळ मोबाईलवर दिसत असूनही यातले काही तरुण मनगटी घड्याळे जमवू लागले आहेत. भेटले की विचारतात, "काय घ्यावे, ते सांगा."

या हौसेला आमचा विरोध नाही. कुणाला कबुतरांचा नाद असतो, कुणाला जुन्या नाण्यांचा. त्यापेक्षा हा नाद वाईट नाही. परंतु हौसेचा खर्च घरखर्चाच्या ताटातून जाऊ नये, आणि घेतलेली वस्तू पेटीत पडून सडू नये, एवढे तरी पाहिले पाहिजे. म्हणून "काय घ्यावे" या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी आम्ही उलट प्रश्न विचारतो : ते बंद पडले तर तुमच्या गावात ते दुरुस्त कोण करणार? याचे उत्तर ज्याच्यापाशी आहे त्याने खुशाल खरेदी करावी. ज्याच्यापाशी नाही त्याने पैसे खिशात ठेवावेत.

पहिले घड्याळ घरातच असते

संग्रहाची सुरुवात बाजारातून करू नका, कपाटातून करा. वडिलांचे, आजोबांचे, मामूंचे एखादे बंद पडलेले घड्याळ बहुतेक घरांत असतेच. ते बहुधा एच. एम. टी. निघते, आणि त्याला कारण आहे. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगलोरला एच. एम. टी.चा घड्याळ कारखाना सुरू झाला. त्याआधी चांगले घड्याळ म्हणजे विलायती, आणि तेही पुष्कळदा चोरट्या मार्गाने आलेले. एच. एम. टी.ने कारकून, शिक्षक, खाण कामगार आणि वनरक्षक यांच्या मनगटावर घड्याळ आणले. जनता, पायलट, सोना, कोहिनूर, कांचन ही नावे मागच्या पिढीला तोंडपाठ होती. लग्न ठरले की 'कांचन'साठी वशिला शोधणारे वधूपिते आम्ही पाहिले आहेत.

पुढे १९८४ मध्ये टाटा आणि तामिळनाडू सरकारचे औद्योगिक विकास महामंडळ यांनी मिळून टायटन कंपनी काढली. १९८७ पासून तिची सेलवर चालणारी देखणी घड्याळे बाजारात आली. चावी देण्याची कटकट गेली, वेळही अधिक अचूक मिळू लागली. एच. एम. टी. मागे पडत गेली आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एच. एम. टी. वॉचेस ही कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली. ही बातमी आली आणि तोवर धूळ खात पडलेल्या घड्याळांना एकाएकी भाव आला.

चावीचे घड्याळ आम्ही पहिल्यांदा सुचवतो ते भावनेपोटी नव्हे. 'जनता'सारख्या घड्याळातले १७ ज्वेलचे मशीन साधे आणि दणकट असते. ते लाखांनी बनले, त्यामुळे एका मेलेल्या घड्याळाचे सुटे भाग काढून दुसरे जिवंत करता येते. आपल्या भागातल्या जुन्या कारागिराचा हात त्यावर बसलेला असतो. दिवसाला काही सेकंद मागेपुढे होणे हा या मशीनचा दोष नव्हे, तो त्याचा स्वभाव आहे. सेलचे घड्याळ महिन्याभरात जेवढे चुकते तेवढे हे एखाद्या दिवसात चुकू शकते. ज्याला मिनिटामिनिटाचा हिशेब लागतो त्याने ड्युटीसाठी सेलचेच घड्याळ वापरावे.

चित्र पाहून घेऊ नका

भाव आला की भेसळ येतेच. आम्हीही एकदा फसलो आहोत. मोबाईलवर चित्र पाहून एक 'पायलट' मागवले. काळीभोर तबकडी, चकचकीत काच, पट्टा नवा. हातात आले तेव्हा खूश झालो. दोन आठवड्यांत ते बंद पडले. गोल बाजाराजवळच्या आमच्या ओळखीच्या कारागिराने मागचे झाकण उघडले आणि हसून म्हणाला, "भाई, यात तीन घड्याळांची हाडे आहेत." तबकडी नव्याने रंगवलेली, काटे दुसऱ्याचे, मशीन गंजलेले. विक्रेत्याने पैसे परत केले नाहीत. दोष थोडा आमचाही होता. न उघडता घेतले.

तेव्हापासून आम्ही काही गोष्टी पाहूनच घेतो. तबकडीवरची अक्षरे भिंगाखाली पाहावीत. ती फुगीर, तिरकी किंवा पसरलेली असतील तर रंगकाम नंतरचे आहे. मिनिटांच्या रेघा समान अंतरावर आहेत का, हे पाहावे. हिरव्या-नारिंगी भडक तबकड्या पाहून भुलू नये. त्यातल्या पुष्कळशा कंपनीने कधी काढलेल्याच नसतात. काट्यांची लांबी तबकडीला साजेशी हवी. आणि झाकण उघडून दाखवायला जो नकार देतो, त्याच्याकडून घेऊच नये. जुन्या घड्याळाची तबकडी थोडी पिवळट पडलेली असणे हे आमच्या मते नव्या रंगापेक्षा चांगले लक्षण आहे.

फेव्हर-ल्युबा, वेस्ट एंड, कॅमी, रोमर अशा जुन्या स्विस नावांच्या बाबतीत तर अधिक सावध राहावे. यातली काही घड्याळे खरोखर उत्तम आहेत. वेस्ट एंडचे 'सोवार प्रायमा' फौजेतल्या माणसांच्या मनगटावर पिढ्यान्पिढ्या चालले. परंतु नाव जितके मोठे, तितकी त्याची नक्कल अधिक, आणि भाग मिळणे तितके कठीण.

आपली हवा लक्षात घ्या

पुण्या-मुंबईचे सल्ले आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पत्र्याच्या छपराखालच्या कपाटात ठेवलेल्या घड्याळाचे तेल अशा उन्हाने पसरते आणि सुकते. तेल सुकले की चाके एकमेकांना खाऊ लागतात. त्यानंतर येतो गडचिरोलीचा पाऊस. काचेच्या आत वाफ धरते, तबकडीवर बुरशीचे ठिपके येतात, स्प्रिंग गंजते. म्हणून चावीचे घड्याळ तीन-चार वर्षांतून एकदा उघडून साफ करून घ्यावे, आणि ठेवायच्या डब्यात ओल शोषणाऱ्या पुड्या टाकाव्यात. न वापरायच्या सेलच्या घड्याळातला सेल काढून ठेवावा. सेल पाझरला की मशीन गेले म्हणून समजा.

घड्याळावर '३० मीटर' लिहिलेले पाहून कुणी ते घालून इंद्रावतीत उतरू नये. त्याचा अर्थ हात धुताना उडालेल्या पाण्याने बिघडणार नाही, एवढाच. भामरागड-एटापल्लीकडे ज्यांची नोकरी आहे, तेंदूपानाच्या हंगामात किंवा बांबूच्या कूपावर ज्यांना फिरावे लागते, त्यांनी कॅसिओचे साधे आकडी घड्याळ घ्यावे. १९८९ मध्ये निघालेले एफ-९१ डब्ल्यू हे छोटे घड्याळ आजही मिळते, सेल वर्षानुवर्षे चालतो, आणि हरवले तर रात्रीची झोप उडत नाही.

सोनेरी रंगाचा मोह

आपल्या लग्नांत अजूनही सोनेरी घड्याळाचा आग्रह धरला जातो. पुरुषांना सोने वर्ज्य आहे, हे आपण सारे जाणतो. नुसत्या मुलाम्याचे काय, हे ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे. आम्ही बाजाराची बाजू सांगतो. स्वस्त घड्याळाचा मुलामा पातळ असतो. आपल्या उन्हाळ्यातला घाम लागला की दोन-चार वर्षांत त्याचे पितळ अक्षरशः उघडे पडते. त्याच पैशात पोलादी केसचे घड्याळ घेतले तर ते मुलालाही वापरता येईल.

किती घ्यावीत?

आमच्या मते पाच पुरेत. एक चावीचे, शक्यतो घरातलेच. एक हाताच्या हालचालीवर चालणारे ऑटोमॅटिक. एक टायटनचे, सुरुवातीच्या काळातले पातळ. एक पावसा-जंगलासाठी आकडी. आणि पाचव्याची जागा रिकामी ठेवावी. मनासारखे, उघडून पाहिलेले, रोखीने घेता येईल असे मिळेल तेव्हाच ती भरावी. हप्त्यावर किंवा उधारीवर घेतलेले घड्याळ हातात शोभत नाही.

काही मित्र म्हणतात की ही गुंतवणूक आहे, आज हजाराला घेतलेले उद्या पाच हजारांना जाईल. जाईलही. पण विकायला निघालात की कळते, मागणारा भाव वेगळा आणि देणारा वेगळा. ज्याला व्यापारच करायचा आहे त्याने तो उघडपणे, हिशेब ठेवून करावा. हौसेला गुंतवणुकीचे नाव देऊन घरच्यांची समजूत काढू नये.

सौद्यातली सचोटी

शेवटी एक गोष्ट सांगतो, जी सांगताना आम्हाला आजही संकोच वाटतो. काही वर्षांपूर्वी आरमोरीकडच्या एका गावात एका वृद्ध बाईंनी भंगारासोबत एक घड्याळ पुढे केले. "चालत नाही बाबू, घेऊन जा." आम्ही दोनशे रुपये दिले आणि मनात हसत परतलो. घरी येऊन मागची बाजू पुसली, तर तिच्यावर कोरलेले होते : नाव, वन विभागातल्या निवृत्तीची तारीख आणि 'सहकाऱ्यांकडून सप्रेम भेट'. त्या बाईंच्या मालकांचे ते घड्याळ होते. त्यांना ते वाचता येत नव्हते, आणि आम्ही तिथे पाहण्याची तसदी घेतली नव्हती. घेतली असती तर किंमत वाढेल, ही भीती मनात होती, हेही खरे.

पुढच्या आठवड्यात ते दुरुस्त करवून आम्ही परत नेऊन दिले. आता त्यांचा नातू ते घालतो. मालातला दोष लपवून विकणे जसे पाप, तसे मोल ठाऊक असून समोरच्याच्या अज्ञानावर विकत घेणेही बरोबर नव्हे. जुन्या वस्तूंच्या धंद्यात हे रोज घडते, आणि त्याला लोक हुशारी म्हणतात.

आणि ते दुरुस्त कुणी केले? त्याच कारागिराने, ज्यांना आपण घडीसाज म्हणतो. काचेची एक पेटी, डोळ्याला भिंग, चिमटा आणि उन्हाळ्यातही बंद ठेवलेला पंखा, कारण वाऱ्याने बारीक स्क्रू उडतात. त्यांची मुले या कामात आली नाहीत. शंभर-दीडशे रुपयांच्या मजुरीसाठी घासाघीस करणारे गिऱ्हाईक पाहून ती मोबाईल दुरुस्तीकडे वळली, आणि त्यांना दोष देता येत नाही. परंतु हा माणूस उठला की आपल्या संग्रहाचे काय होईल, याचा विचार करा. नवे घड्याळ घेण्यासाठी जमवलेल्या पैशातून आधी घरातले जुने त्याच्याकडे न्या, सांगेल ती मजुरी द्या, आणि जमल्यास एखाद्या होतकरू मुलाला त्याच्या शेजारी बसवा. पाचव्या घड्याळापेक्षा हा खर्च अधिक दिवस टिकेल.