चमचाभर इंजिन

दिवाळीच्या सुट्टीत नातू घरी आला तो मोबाइल पुढे करूनच. "आबा, एकवीस घेऊ का अठ्ठावीस?"

मी पेपर वाचत होतो. मला वाटलं, पोरगं स्थळं बघायला लागलं की काय! म्हटलं, "बाबा रे, आधी इंजिनिअरिंग तर पूर्ण कर." तो खो खो हसला आणि आत जाऊन आजीला सांगून आला. तेव्हापासून घरात माझी जी थट्टा सुरू झाली ती अजून थांबलेली नाही. असो.

भानगड अशी होती. हा आणि माझ्या धाकट्या भावाचा नातू, दोघंही संभाजीनगरला मेकॅनिकलला आहेत. दोघांनी मिळून रिमोटवर चालणारा शर्यतीचा ट्रक घ्यायचा ठरवलंय. खेळणंच, पण बॅटरीवरचं नाही. त्यात खरंखुरं इंजिन असतं, धूर निघतो, आवाज होतो. मुंबईच्या आयआयटीच्या टेकफेस्टमध्ये अशा गाड्यांच्या शर्यती होतात, म्हणून पोरांच्या डोक्यात हे खूळ. कॉलेजातला एक जुना विद्यार्थी आपला ट्रक स्वस्तात देतोय, कारण त्याचं इंजिन जाम झालंय. म्हणजे सांगाडा जुना, इंजिन नवं. निम्मे पैसे मी द्यायचे, निम्मे माझ्या भावाने.

मी बी.ए. झालेला माणूस. सगळी नोकरी मराठी आणि इतिहास शिकवण्यात गेली. पण पैसे द्यायचे तर कशाला देतोय ते कळलं पाहिजे, ही जुनी खोड. आठ दिवस पोरांना प्रश्न विचारून भंडावलं, वहीत टिपणं काढली. तेवढ्या अभ्यासावर माझं एक मत झालंय.

आधी त्या आकड्यांचा उलगडा. हे आकडे घन इंचाच्या शंभराव्या भागात मोजतात. एकवीस म्हणजे ०.२१ घन इंच. एक घन इंच म्हणजे १६.३९ घन सेंटिमीटर, म्हणजे सीसी. कागदावर गुणाकार केले. बारा नंबरचं इंजिन साधारण २ सीसीचं, पंधराचं अडीचचं, अठराचं तीनचं, एकवीसचं साडेतीनचं आणि अठ्ठावीसचं ४.६ सीसीचं. औषधाच्या बाटलीबरोबर येणारा चमचा ५ मिलिलिटरचा असतो. म्हणजे ज्या अठ्ठावीसच्या दांडगाईचं पोरं कौतुक करत होती, त्याच्या पोटात एक चमचा खोकल्याचं औषध मावणार नाही!

तरी ताकद बघा. साडेतीन सीसीच्या इंजिनाची ताकद कंपनीवाले दोन हॉर्सपॉवरच्या वर सांगतात. आपल्या विहिरीवरची तीनची मोटर उचलायला दोन माणसं लागायची, आणि हे इंजिन तर मुठीत मावतं. हे कसं काय? नातवानेच समजावलं. ताकद म्हणजे जोर आणि वेग यांचा गुणाकार. विहिरीवरची मोटर मिनिटाला २,९०० च्या आसपास फेरे घेते, हे पिल्लू तीस हजारांच्या पुढे जातं. जोर थोडा, पण फेरे दहापट. त्यामुळे मधे दातेरी चक्रं घालून त्या वेगाचा जोर करून घ्यावा लागतो. इंजिन नुसतं आणून भागत नाही, ते कशाला जोडलंय त्यावर सगळं असतं.

इथे मला माझी लूना आठवली. ५० सीसीची. तिच्यावर मी वर्षानुवर्षं शाळेत गेलो. एकटा असलो की कशी पळायची! पण मागे आमची ही, पुढे गव्हाचं पोतं आणि समोर चौक्याचा घाट, की बिचारी धापा टाकायची. मग मी पायडल मारायचो आणि ही उतरून चालायची. तेव्हा इंजिन जितकं लहान तितकं चांगलं, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. चार-पाच किलोच्या ट्रकला बारा नंबरचं इंजिन लावलं तर ते सतत ताणात राहील, तापेल, क्लच जळेल आणि वर्षाच्या आत भंगारात जाईल. लहान इंजिन घेतलं की काटकसर झाली, हाही भ्रमच.

मोठ्याची गोष्टही तशीच. ट्रॅक्सस नावाच्या अमेरिकन कंपनीचा टी-मॅक्स ट्रक १९९९ साली आला तेव्हा त्याला पंधरा नंबरचं इंजिन होतं. पुढे त्याच ट्रकला ३.३ सीसीचं आलं. एचपीआय कंपनीचा सॅव्हेज एकवीसने सुरू झाला आणि पुढे त्याला ४.६ सीसीचंही इंजिन आलं. गिऱ्हाइकाला दरवर्षी थोडं जास्त हवंच असतं. पण नातवाचा हा जुना ट्रक एकवीसच्या हिशोबाने बांधलेला आहे. अठ्ठावीसचं इंजिन त्याच जागेत बसतं, असं पोरं म्हणतात. बसेलही. पण जागेत बसणं आणि झेपणं यात फरक आहे. जास्तीचा जोर क्लचवर येणार, डिफरन्शियलच्या दात्यांवर येणार, दांड्यांवर येणार. इंजिन शाबूत राहील आणि बाकीचे भाग एकेक करून जातील. मग दर महिन्याला, "आबा, अजून थोडे पैसे."

शिवाय शर्यतीचा नियम आहे. १/८ मापाच्या मातीवरच्या गाड्यांच्या जागतिक स्पर्धांत इंजिनाला ३.५ सीसीची मर्यादा आहे आणि टाकी १२५ सीसीची. कॉलेजांच्या स्पर्धांचे नियम आपापले असतात, ते वाचून घ्यायचेच. मला मात्र ही मर्यादा फार शहाणपणाची वाटली. सगळ्यांचं इंजिन एकाच मापाचं म्हटल्यावर मग जिंकायचं कशावर? इंजिनाची सुई कोण नीट लावतो, दात्यांचं गणित कोणाला जमतं, वळणावर कोणाचा हात शांत राहतो, यावर. इंजिनाचं माप बांधून दिलं की पोराची परीक्षा सुरू होते. शाळेतही आम्ही सगळ्यांना प्रश्नपत्रिका एकच द्यायचो.

आणखी एक गोष्ट आहे, तिची मला खरी काळजी वाटते. हे इंजिन पेट्रोलवर चालत नाही. त्याच्या इंधनात मुख्य भाग मिथेनॉल, त्यात नायट्रोमिथेन आणि वंगणाचं तेल. नायट्रोमिथेन स्वतःबरोबर ऑक्सिजन घेऊन येतं, म्हणून त्याच चमच्याएवढ्या जागेत जास्त इंधन जळू शकतं. पण मिथेनॉल हे विष आहे. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली, त्या दारूत हेच होतं. ते पेटलं तर दिवसाउजेडी त्याची ज्वाळाही धड दिसत नाही. इंजिन मोठं म्हणजे हे जास्त पिणार, म्हणजे घरात डबे जास्त येणार. मी अट घातली आहे. डबा कुलपात राहील, पाण्याच्या बाटलीत कधीही काढायचा नाही, आणि घरातल्या लहान लेकरांसमोर भरायचा नाही.

"मग बॅटरीचाच घ्या ना," असं माझी पुण्याची भाची फोनवर म्हणाली. बॅटरीच्या गाड्या आता वेगात मागे नाहीत, उलट पुढेच आहेत, आणि त्यांना इतका उपद्व्याप नाही. खरं आहे. पण ही पोरं मेकॅनिकल शिकतायत. इंजिन हाताने उघडलं नाही तर शिकणार काय? नवं इंजिन सुरुवातीला घट्ट असतं, आतली दट्ट्याची जोडी एकमेकांना सरावावी लागते. म्हणून पहिल्या चार-पाच टाक्या इंधन थोडं जास्त सोडून, न पळवता काढायच्या असतात. नवा खोंड औताला लावताना आपण पहिल्या दिवशी नांगर धरतो का? रिकामं जू ठेवतो मानेवर, दोन चकरा मारतो. तसंच. आणि इंजिन किती तापलंय ते बघायला डोक्यावर पाण्याचा थेंब टाकतात. लगेच चर्र करून उडाला तर फार तापलं, थोडा वेळ घेऊन उकळला तर ठीक. आमच्या हिने हे ऐकलं आणि म्हणाली, "तवा तापला का ते मी पन्नास वर्षं असंच बघते. मला नाही कोणी डिग्री दिली."

आता जे सांगायला बसलो होतो ते सांगतो. इतके दिवस कुणाला सांगितलं नाही. पण नातेवाईक मंडळी हे वाचतात, म्हणूनच इथे लिहितोय.

आमची विहीर सामाईक. माझी आणि धाकट्या भावाची. पाळी ठरलेली, एक दिवस त्याचा, एक दिवस माझा. दोघांच्या तीन-तीनच्या मोटरी. १९८९ साली मला वेतन आयोगाच्या फरकाची रक्कम मिळाली आणि मी पाचची मोटर आणली. माझं म्हणणं साधं होतं. वीज कधी येते कधी जाते, मोठी मोटर असली तर तेवढ्या वेळात जास्त पाणी निघेल. भाऊ तेव्हा एवढंच म्हणाला, "दादा, पाणी विहिरीत असतं, मोटरीत नसतं."

मला राग आला. हा चौथी शिकलेला, मला शिकवतो!

आमच्याकडचा खडक काळा. त्याच्या भेगांतून जेवढं झिरपतं तेवढंच विहिरीत येतं. ते मोटरीकडे बघून येत नाही. त्या उन्हाळ्यात माझी मोटर दीड तासात विहीर कोरडी करायची आणि मग हवा ओढत बसायची. दुसऱ्या दिवशी भावाची पाळी, तर विहिरीत कंबरभर पाणीसुद्धा नसायचं. माझ्या पाळीचं पाणी मी आदल्या दिवशी घेतलेलं, आणि त्याच्या पाळीचं रात्रीतून झिरपायचं तेही पुरेसं नाही. मे महिन्यात त्याचं अद्रक वाळलं. जूनमध्ये माझी मोटर कोरडी चालून जळाली. त्यानंतर सहा वर्षं आम्ही एका ओट्यावर बसलो नाही. पुढे पुतणीच्या लग्नात बोलणं सुरू झालं, ते आजवर नीट चालू आहे. पण मोटरीचा विषय त्यानेही काढला नाही आणि मीही नाही.

चूक माझी होती. मोटरीच्या ताकदीकडे बघितलं, विहिरीकडे बघितलं नाही. आणि विहीर एकट्याची नव्हती, हे तर मुळीच बघितलं नाही.

म्हणून माझं मत असं. इंजिन निवडताना इंजिनाकडे सगळ्यात शेवटी बघावं. आधी बघावं की ज्याला ते जोडायचं आहे त्यातला सगळ्यात नाजूक भाग कोणता. मग स्पर्धेचा नियम बघावा. मग इंधन किती परवडतं आणि किती सांभाळता येतं ते. मग चालवणाऱ्याचा हात. आणि वस्तू दोघांची असेल, तर दुसऱ्याच्या पाळीला काय उरणार तेही. या सगळ्यातून जेवढं मोठं इंजिन पार पडेल तेवढं घ्यावं. त्याहून लहान नको, त्याहून मोठंही नको. या ट्रकचा हिशोब साडेतीन सीसीवर, म्हणजे एकवीसवर येऊन थांबतो.

पोरांना हे सांगितलं तेव्हा माझा नातू जरा हिरमुसला. त्याला ट्रक मागच्या चाकांवर उभा करून दाखवायचा होता. भावाचा नातू मात्र म्हणाला, "आबा, आमचे आजोबा पण एकवीसच म्हणाले."

मी विचारलं, "त्यांना काय कळतं त्यातलं?"

"काही नाही म्हणाले. फक्त विचारलं की टाकी केवढी आहे."

मी काहीच बोललो नाही. पैसे काढून दिले. टाकीटाकीने पाळी लावायची, असं पोरांचं ठरलंय. एक टाकी एकाची, एक दुसऱ्याची. इंजिन आलं की पहिल्या टाक्या आमच्याच शेतात, विहिरीजवळच्या मोकळ्या पट्टीत काढणार आहेत. त्या दिवशी भावाला मी बोलावणार आहे. त्याआधी त्याच्या नातवाने हे त्याला वाचून दाखवावं, एवढंच माझं म्हणणं.