काळ्या पडद्याची ओळख मोर्शीतच व्हावी

फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती जिल्ह्यात करोनाचे रुग्ण अचानक वाढले. २२ फेब्रुवारीपासून अमरावती आणि अचलपूर शहरांत आठवडाभराची टाळेबंदी लागली. विषाणू बदलला आहे का, हा तेव्हाचा खरा प्रश्न होता. त्याचे उत्तर मिळवायला विषाणूच्या जनुकसंचातील सुमारे ३० हजार अक्षरे वाचून ताडून पाहावी लागतात. हे काम बरेचसे संगणकाच्या काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करूनच होते. करोनाचा उपप्रकार ओळखणारी ‘पँगोलिन’ ही प्रणालीही तशीच चालते.

मोर्शीहून अमरावतीला बी.एस्सी.साठी जाणारा विद्यार्थी पायथॉन शिकायला बसला, की अडतो तो याच पडद्यापाशी. आपल्याकडे संगणक शिकणे म्हणजे माउस, वर्ड आणि एक्सेल. एमएस-सीआयटीचाही भर त्यावरच. ‘कमांड लाइन’ कुणी दाखवतच नाही. मग विद्यार्थ्याला वाटते, आपल्याला प्रोग्रॅमिंग जमणार नाही.

खरे तर सुरुवातीला आठ-दहा आज्ञा पुरतात. ‘पीडब्ल्यूडी’ म्हणजे इथे बांधकाम खाते नव्हे. आपण सध्या कोणत्या फोल्डरमध्ये आहोत, ते ही आज्ञा सांगते. ‘एलएस’ तिथल्या फाइलींची यादी देते, ‘सीडी’ने फोल्डर बदलता येतो. ‘ग्रेप’ फाइलीतला हवा तो मजकूर शोधते. जनुकीय माहितीच्या ‘फास्टा’ फाइलीत प्रत्येक नोंद एका ठरावीक चिन्हाने सुरू होते. अशा हजारो नोंदी ‘ग्रेप’ क्षणात मोजून देते. ही आज्ञा १९७०च्या दशकातली आहे आणि अजूनही रोज वापरात आहे. म्हणजे एकदा शिकलेले वाया जात नाही.

जपून राहण्याच्याही जागा आहेत. ‘आरएम’ने पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही. फाइलीच्या नावात मोकळी जागा असेल आणि नाव अवतरणचिन्हांत घातले नसेल, तर संगणक ती दोन नावे समजतो. आता एआय चॅटबॉट आज्ञा तयार करून देतात आणि त्या न वाचता चिकटवण्याची सवय लागते. रुग्णांच्या नोंदी असलेल्या संगणकावर ही सवय फार महागात पडेल. आज्ञा कुणीही लिहून दिली, तरी तिचा अर्थ आपल्याला लागला पाहिजे.

शिकायला खर्चही फारसा नाही. लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइड मोबाइलवर ‘टर्मक्स’ हे मोफत अॅप चालते. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ उपक्रमात लिनक्सचे धडे मराठीतून उपलब्ध आहेत. महाविद्यालयांनी पहिल्या सत्रात यासाठी चार-सहा तास काढले, तरी पुष्कळ होईल. पुढची साथ माणसांत येवो की मोर्शी-वरुडच्या संत्र्यांवर, तिची अक्षरे वाचणारे हात याच जिल्ह्यात तयार असायला हवेत.