उपवासाचे पथ्य आणि बीडच्या स्त्रिया

वजन आटोक्यात ठेवण्यासाठी दिवसातील ठरावीक तासांतच जेवायचे आणि उरलेला काळ पोटाला विश्रांती द्यायची, या 'इंटरमिटंट फास्टिंग'चा बोलबाला गेल्या दशकात जगभर झाला. मराठवाड्याला मात्र ही कल्पना परकी नाही. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेला दोनच वेळा जेवण्याचा विचार डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक असताना घरोघरी पोहोचविला. प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचे आणि मधल्या वेळेत पाणी, घरचे पातळ ताक, दूध-साखर नसलेला चहा अशा मोजक्याच पेयांवर भागवायचे, हे त्यातील पथ्य. एकादशी, श्रावणी सोमवार आणि नवरात्र पाळणाऱ्या घरांत उपवासाला प्रतिष्ठा होतीच; या पथ्याने तिला आरोग्याची जोड दिली. चाळिशी ओलांडलेल्या, पाळी जाऊ लागलेल्या आणि वाढत्या वजनाने धास्तावलेल्या स्त्रियांना हा मार्ग सोपा वाटावा, यात नवल नाही.

मात्र उपवासाने होणाऱ्या लाभाला मर्यादा आहेत. चीनमधील ग्वांगझू येथे १३९ लठ्ठ व्यक्तींवर वर्षभर झालेल्या आणि २०२२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन्ही गटांनी सारखेच उष्मांक कमी केले होते. त्यांपैकी एका गटाने जेवणाच्या वेळाही आवळल्या. परंतु त्याला वेगळा म्हणावा असा लाभ झाला नाही. म्हणजे वजन घटते ते कमी खाल्ल्याने; घड्याळ हे केवळ निमित्त. रजोनिवृत्तीत हा मुद्दा अधिक महत्त्वाचा ठरतो. इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटल्यावर पहिल्या काही वर्षांत हाडे झपाट्याने ठिसूळ होतात, स्नायू झिजतात आणि चरबी पोटाभोवती साठते. अशा वयात वजनाबरोबर स्नायू आणि हाडेही गमावणे हा तोट्याचा व्यवहार होय.

पेल्यात काय असावे?

मधल्या वेळेत काय प्यावे, हा प्रश्न म्हणूनच क्षुल्लक नाही. पहिला मान निर्विवादपणे पाण्याचा. त्यानंतर ताक. दोनशे मिलिलिटर पातळ ताकात साधारण ३० उष्मांक आणि सुमारे ६० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. काटेकोर उपवासवाल्यांना हे ३० उष्मांकही खटकतात. पण रजोनिवृत्त स्त्रीला त्यांच्या मोबदल्यात मिळणारे कॅल्शियम आणि थोडी प्रथिने अधिक मोलाची आहेत. अर्थात, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये अशा स्त्रियांसाठी दिवसाला १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस केली आहे. केवळ ताकाने ती गरज भागणार नाही. दूध-दही, तीळ आणि पालेभाज्या जेवणात असाव्याच लागतील. रक्तदाब असल्यास ताकात मीठ बेताने घालावे, हेही ओघाने आलेच.

कोऱ्या चहा-कॉफीत उष्मांक नगण्य असले, तरी ही पेये सर्वांना मानवतात असे नाही. रजोनिवृत्तीत अंगातून अचानक वाफा येणे, दरदरून घाम फुटणे आणि झोप मोडणे ही लक्षणे अनेकींना छळतात. कॅफीन आणि गरम पेये काहींच्या बाबतीत ती वाढवितात. जेवणानंतर लगेच घेतलेला चहा अन्नातील लोह शोषले जाण्यात अडथळा आणतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला, हे ध्यानात घेता जेवण आणि चहा यांत किमान तासाभराचे अंतर असावे.

राहता राहिली 'झीरो शुगर' अशी मिरविणारी बाटलीबंद पेये. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये वजन घटविण्यासाठी कृत्रिम गोडव्यांचा वापर करू नये, अशी शिफारस केली. आधीच मधुमेह असलेल्यांना ती लागू नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये या संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अ‍ॅस्पार्टेमला 'कर्करोगकारक असण्याची शक्यता' असलेल्या गटात घातले. मात्र शरीराच्या वजनामागे दर किलोला ४० मिलिग्रॅम ही दैनंदिन सुरक्षित मर्यादा तशीच कायम राहिली. थोडक्यात, ही पेये विष नव्हेत आणि औषधही नव्हेत. ताक घुसळणाऱ्या घराने त्यांवर पैसा खर्च करावा, असे त्यांत काही नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या स्त्रियांनी तर डॉक्टरांना विचारल्याखेरीज उपवासच धरू नये. रक्तातील साखर एकाएकी उतरण्याचा धोका असतो.

कोयत्याआडची रजोनिवृत्ती

येथवरचा सल्ला बीड शहरातील एखाद्या शिक्षिकेला किंवा गृहिणीला पुरेसा आहे. त्याच जिल्ह्यातील ऊसतोड मजूर स्त्रीला मात्र तो जसाच्या तसा लागू करता येत नाही. बीडमध्ये तीन वर्षांत गर्भाशय काढण्याच्या ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचे तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी जून २०१९ मध्ये विधान परिषदेत सांगितले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची 'पिशवी काढलेली' असल्याचे उघड झाले. म्हणजे दर सहा जणींत एक. त्यांतील अनेकींचे वय चाळिशीच्या आतले होते.

गर्भाशयासोबत अंडाशयही काढले गेले, तर रजोनिवृत्ती हळूहळू येत नाही. ती शस्त्रक्रियेच्या टेबलावरच येते. अंडाशय राखले, तरी ती काहीशी लवकर येण्याचा संभव असतो. निसर्गतः भारतीय स्त्रीला सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास जे सोसावे लागते, ते हिच्या वाट्याला पस्तिशीत येते आणि हाडांची झीज दहा वर्षे आधी सुरू होते. अशा वेळी, इतर अडचण नसेल तर, नैसर्गिक वयापर्यंत संप्रेरकांचे उपचार देणे हा वैद्यकशास्त्राचा मान्य मार्ग आहे. परंतु टाके सुकताच ती कारखान्याच्या वाटेला लागते. तेथे मोळी डोक्यावर असते आणि डॉक्टर पाठीशी नसतो.

या स्त्रीचा उपवास तिने निवडलेला नसतो. पहाटे कोपीतून निघून फडात उतरायचे आणि मिळेल तेव्हा भाकरी खायची, हा तिचा दिनक्रम. पती-पत्नी मिळून एक 'कोयता' मोजला जातो, उचल आधीच घेतलेली असते आणि एका दिवसाचा खाडा पडला तरी दंड बसतो. आडोसा नाही, शौचालय नाही, म्हणून ती पाणीच कमी पिते. त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग बळावतो, ओटीपोटातील दुखणे अंगावर काढले जाते आणि अखेरीस कर्करोगाची भीती घालून पिशवी काढण्याचा सल्ला मिळतो, ही साखळी गेल्या काही वर्षांत वारंवार समोर आली आहे. मध्य अमेरिकेतील निकाराग्वा व एल साल्वाडोर येथील ऊसतोड मजुरांत फैलावलेल्या मूत्रपिंडाच्या विकारामागे कडक उन्हातील श्रम आणि शरीरातील पाण्याची घट ही प्रमुख कारणे मानली जातात. तेथे उपाय म्हणून पुढे आले ते पाणी, सावली आणि विसावा.

तेव्हा कष्टकरी स्त्रीला कमी उष्मांकाचे पेय सुचविणे ही तिची थट्टा ठरेल. तिला हवे आहे पोटभर अन्न, भरपूर पाणी आणि घामावाटे गेलेले क्षार भरून काढणारे मीठ-साखरेचे पाणी किंवा ताक. नवरात्रात किंवा एकादशीला ती उपवास धरत असेल, तर केवळ गोड चहावर दिवस काढू नये, एवढे तरी तिला कोणी सांगावयास हवे.

प्रशासन अगदीच हातावर हात ठेवून बसले, असे म्हणता येणार नाही. बीडमध्ये २०१९ नंतर या शस्त्रक्रियांसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी आवश्यक करण्यात आली. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखणारी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत स्वीकारण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना दिले. पण हे सारे उपाय पुढच्या शस्त्रक्रिया रोखण्यासाठी आहेत. ज्यांची शस्त्रक्रिया होऊन गेली, त्या हजारो स्त्रियांच्या हाडांची, रक्ताची आणि आहाराची नियमित तपासणी कोण करणार? अंडाशय काढले की राखले, याची नोंद तरी त्यांच्या हाती आहे काय? गळीत हंगामात फडाजवळ पिण्याचे पाणी आणि शौचालय पुरविण्याची जबाबदारी कारखान्यांनी उचलल्याखेरीज त्यांना 'भरपूर पाणी प्या' असे सांगण्यात काय अर्थ?

आहाराचा सल्ला देणाऱ्याने प्रथम समोरच्या स्त्रीचे वय, तिची पाळी कशी गेली आणि ती दिवसभर काय काम करते, हे विचारले पाहिजे. एकीने पोटाला विश्रांती द्यावी, हे योग्य. दुसरीच्या पोटाला विश्रांतीच अधिक मिळाली आहे. दोघींच्या हाती ताकाचा पेला शोभेल. मात्र दुसरीच्या हाती तो पोहोचविणे हे पथ्याचे नव्हे, धोरणाचे काम आहे.