दुखतंय म्हणालं, तर आधी विश्वास ठेवा

मृग लागला आहे. या महिनाअखेरीस विदर्भातल्या शाळा उघडतील आणि पाऊस वेळेवर आला, तर पुढच्या काही आठवड्यांत गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या धानपट्ट्यात रोवणीला सुरुवात होईल. डोक्यावर प्लास्टिकची खोळ, गुडघाभर चिखलपाणी आणि दिवसभर वाकलेली पाठ. निरोगी माणसालाही हे काम जड जातं. सिकलसेलच्या रुग्णाला त्यातून थेट दवाखान्यात जावं लागू शकतं. अंगात मुरलेला गारठा, अतिश्रम, ताप, पाणी कमी पडणं, यांतलं एखादं कारणही दुखण्याचा झटका यायला पुरतं आणि पावसाळ्यात ही सगळी कारणं एकदमच जमतात. म्हणून हे आवाहन आजच करते आहे, कामांची धांदल उडण्याआधी.

मी गडचिरोली जिल्ह्यात आश्रमशाळेत शिकवते. माझ्या वर्गात सिकलसेलची मुलं दरवर्षी असतात. मागणी एकच आहे : हे मूल, ही बाई, हा तरुण ‘दुखतंय’ म्हणाला, की त्याच्यावर विश्वास ठेवा. तपासणी, औषध, सवलत हे सगळं त्यानंतर येतं. विश्वासच नसेल, तर यांतलं काहीही वेळेवर होत नाही.

या आजाराचं वाईट हे, की तो बाहेरून दिसत नाही. हातपाय धड असतात, चालणं-बोलणं सगळ्यांसारखं असतं. आत मात्र रक्तातल्या तांबड्या पेशी प्राणवायू सोडला की आकार बदलतात, विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढच्या भागाला रक्त पोचत नाही. रक्ताविना तडफडणाऱ्या त्या हाडातून, पाठीतून, छातीतून जी कळ उठते, तिला आमच्याकडचे रुग्ण ‘हाडं फुटतात’ म्हणतात. झटका काही तासांत ओसरतो किंवा आठवडाभरही चालतो. निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, ही 10 ते 20 दिवसांतच मोडते. त्यामुळे झटका नसतानाही अनेकांचं हिमोग्लोबिन सात-आठ ग्रॅमच्या आसपासच राहतं. डोळ्यांत पिवळी झाक असते. लोक तिला कावीळ समजून गावठी औषध देत बसतात आणि दिवस वाया जातात. बारा महिने चिकटून असलेला थकवा तर कुणालाच दिसत नाही.

शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी 1910 मध्ये हा आजार वैद्यकाच्या नोंदीत आणला. भारतात तो 1952 मध्ये निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींमध्ये आढळला. आपल्याकडे तो गोंड, माडिया, हलबा, भिल्ल, पावरा अशा अनेक जमातींत आहे, विदर्भातल्या बौद्ध समाजात आहे, इतर मागास जातींतही आहे. गडचिरोलीपासून मेळघाट, नंदुरबार, पालघरपर्यंत त्याचा पसारा आहे. ‘हा आदिवासींचा रोग’ असं म्हणून हात झटकणाऱ्यांनी एकदा नागपुरातल्या सिकलसेलच्या ओपीडीत जाऊन बसावं.

आता शाळेचं सांगते, कारण ते मी रोज पाहते.

सिकलसेल असलेल्या मुलाचं मूत्रपिंड लघवी नीट घट्ट करू शकत नाही. शरीरातलं पाणी भराभर निघून जातं, म्हणून त्याला सतत पाणी प्यावं लागतं आणि वारंवार लघवीला जावं लागतं. आठ-दहा वर्षांचं मूल रात्री अंथरूण ओलं करतं, तेही यामुळेच. वर्गात मात्र काय होतं? तासाला दोनदा बोट वर केलं, की ‘बस खाली, आत्ताच जाऊन आलास ना’. मग ते मूल शहाणपणा करतं आणि पाणीच पीत नाही. दुपारपर्यंत ओठ सुकतात आणि संध्याकाळी मांड्या धरून बसतं. वसतिगृहात ओल्या अंथरुणावरून त्याची चेष्टा होते, ती वेगळीच. हिवाळ्यात पहाटे हौदाच्या थंडगार पाण्याने अंघोळ हा आणखी एक मार. मी अशी एक मुलगी पाहिली आहे. अंघोळीहून आली तेव्हा दात वाजत होते, प्रार्थनेला उभी राहिली आणि अर्ध्यातच गुडघ्यांवर बसली. रांगेतल्या बाईंनी तिला दंडाला धरून उभं केलं. ती पुन्हा बसली. ओरडली नाही, रडली नाही. दोन्ही हातांनी पायाच्या नळ्या आवळून धरल्या होत्या आणि तोंडाने फक्त श्वास सोडत होती. मागून कुणीतरी म्हणालं, ‘मॅडम, सोंग करते ते. काल तर खेळत होती.’

काल खेळत होती, हे खरंच होतं. हा आजार असाच असतो. काल खेळणारं मूल आज उठू शकत नाही आणि चार दिवसांनी पुन्हा मैदानात दिसतं. यात सोंग कुठेच नाही.

शाळांना, अधीक्षकांना, पीटीच्या सरांना माझी विनंती आहे. शाळा उघडताच पालकांना विचारून कोणत्या मुलाला सिकलसेल आहे ते माहीत करून घ्या. पण भर वर्गात नाव घेऊन सांगू नका. त्याची पाण्याची बाटली बाकावर राहू द्या, लघवीला जायला परवानगी मागायला लावू नका. मैदानाला फेऱ्या मारण्याची शिक्षा या मुलांना कधीही नको. अंघोळीला कोमट पाणी द्या, निदान थंडीपावसात तरी. बंब एक असेल, तर आधी या मुलांना. दहावी-बारावीच्या परीक्षेत त्यांना तासाला 20 मिनिटं जादा वेळ मिळतो, त्याचा अर्ज मुख्याध्यापकांनीच वेळेत भरून घ्यायला हवा. आईबाप अनेकदा मजुरीला परगावी असतात, त्यांना हे कोण सांगणार?

दवाखान्यातल्या लोकांशीही स्पष्ट बोलायला हवं. रात्री कॅज्युअल्टीत आणलेल्या रुग्णाची नाडी, रक्तदाब, एक्स-रे सगळं ठीक येऊ शकतं. वेदना मोजायचं यंत्र नाही. वर्षानुवर्षं दुखणं सोसलेला माणूस किंचाळतही नाही. तो भिंतीकडे तोंड करून पडतो, मोबाइल बघत मन दुसरीकडे वळवतो. तेवढ्यावरून ‘फारसं काही नाही’ किंवा ‘याला इंजेक्शनची सवय लागली आहे’ असा निष्कर्ष निघतो. जगभरातले तज्ज्ञ सांगतात, की असा रुग्ण आला की तासाभराच्या आत त्याला पुरेसं वेदनाशामक मिळालं पाहिजे. आमच्याकडे अनेकदा त्या तासात फक्त केसपेपर निघतो. परिचारिका, शिकाऊ डॉक्टर, वॉर्डबॉय, तुमच्यावर कामाचा किती ताण असतो हे मी जाणते. तरीही सांगते : हा रुग्ण स्वतःच्या दुखण्याविषयी जे सांगतो, ते त्याच्या तपासणीइतकंच महत्त्वाचं माना.

आईबापांनी आणि आशाताईंनी काही खुणा पक्क्या लक्षात ठेवाव्यात. सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळाचे हाताचे किंवा पायाचे पंजे सुजले, तर मार लागला असेल असं समजून तेल चोळत बसू नका, रक्त तपासून घ्या. सिकलसेलच्या मुलाला ताप आला, तर ‘उद्या बघू’ नको, कारण त्याची पाणथरी लवकर निकामी होते आणि साधा जंतुसंसर्ग काही तासांत जिवावर बेततो. छातीत दुखून दम लागणं, पोटाच्या डाव्या बाजूला अचानक फुगारा येऊन मूल पांढरंफटक पडणं, तोंड वाकडं होणं, हातपाय लुळे पडणं, यांतलं काहीही दिसलं की 108ला फोन करा. आणि वाहक व्यक्तीला, म्हणजे आई किंवा बाप एकाकडूनच दोष आलेल्याला, हिवतापापासून थोडं संरक्षण मिळतं, हे ऐकून कुणी गाफील राहू नये. ज्याला प्रत्यक्ष आजार आहे, त्याला हिवताप फार महागात पडतो आणि आपला जिल्हा हिवतापाचा आहे. मच्छरदाणी हवीच.

रोवणीच्या गटातल्या बायांना माझं सांगणं आहे. जी म्हणते ‘आज मी बांधीत नाही उतरत’, तिला टोमणा मारू नका. धुऱ्यावर बसून पऱ्ह्यांच्या जुड्या बांधायचं काम तिला द्या. तिचा रोज बुडाला, की पुढच्या वेळी ती दुखणं लपवून पाण्यात उतरेल. घरातही हेच. सून ‘अंगचोर’ आहे असा शिक्का मारण्याआधी तिचं रक्त एकदा तपासा. आणि मूल आजारी निघालं की सगळा दोष आईच्या माथी मारतात, ते थांबलं पाहिजे. हा आजार मुलात येतो तो आई आणि बाप दोघांकडून येतो. दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता आजारी मुलाची, दोन वाहक मुलाच्या आणि एक पूर्ण निरोगी मुलाची असते. वाहक म्हणजे रोगी नव्हे, तो सर्वसाधारणपणे निरोगीच आयुष्य जगतो. म्हणून सोयरीक ठरवताना पत्रिकेआधी दोघांचं रक्त तपासा. दोन वाहकांचं लग्न आधीच झालं असेल, तर दिवस राहताच, पहिल्या तीन महिन्यांत डॉक्टरांकडे जा. गर्भाची तपासणी तेव्हा करून घेता येते.

उपचार आहेत. हायड्रॉक्सियुरियाची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली रोज घेतली, तर अनेकांचे झटके निम्म्यावर येतात. फॉलिक ॲसिड, लसी, वेळेवर रक्त यांनी आयुष्य लांबतं. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशात शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. 17 राज्यांत सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047पर्यंत निर्मूलन हे त्याचं ध्येय आहे. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत सिकलसेल आहे. त्यामागे स्वतः सोसलेल्या लोकांची दीर्घ लढाई आहे. नागपूरच्या संपत रामटेके यांनी या रुग्णांना संघटित करण्यात आयुष्य घातलं. त्यांना 2018 मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. तरीही कायद्यात मोठी फट आहे. उच्च शिक्षणातल्या दिव्यांगांच्या पाच टक्के जागांत या मुलांना वाट आहे, पण सरकारी नोकरीतल्या चार टक्क्यांत रक्ताचे आजार धरलेलेच नाहीत. म्हणजे शिकवायचं आणि दारात थांबवायचं. आपले आमदार-खासदार मतं मागायला येतील, तेव्हा त्यांना हे विचारा.

सवलती आहेत, त्याही अविश्वासात अडकतात. एसटीत सिकलसेल रुग्णाला मोफत प्रवास आहे. पण धडधाकट दिसणाऱ्या पोराने रुग्णाचं लाल कार्ड काढलं, की कंडक्टर वरपासून खालपर्यंत बघून विचारतो, ‘तुला काय झालंय?’ भरल्या गाडीत सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागतं. कित्येक पोरं म्हणून तिकीटच काढतात. कंडक्टर बंधूंनो, कार्ड बघा, नोंद करा आणि पुढे जा. प्रवाशांनो, आरक्षित जागेवर तरुण बसलेला दिसला, तर लगेच उठवायला धावू नका. मिरगी, ल्युपस, मधुमेह, गर्भाशयाच्या अस्तराचा आजार, असं किती काही माणूस अंगात घेऊन शेजारी बसलेला असतो.

19 जूनला जागतिक सिकलसेल दिन आहे. त्या निमित्ताने गावोगाव तपासणी होईल. नसेल, तर आशाताईंना सांगून उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. बोटातून थेंबभर रक्त लागतं, पैसे लागत नाहीत. पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली, तर तेवढ्यावर घाबरून घरी जाऊ नका. ती फक्त पेशीत दोष आहे एवढंच सांगते, वाहक की रुग्ण हे दुसऱ्या तपासणीत कळतं. तो दुसरा अहवाल हातात येईपर्यंत पाठपुरावा करा आणि घरातल्या सगळ्यांना बरोबर न्या, लग्नाचे मुलगे-मुली आधी.