छपराचे सांधे

वादळ ओसरले की घरातील सारी माणसे अंगणात येऊन वर पाहतात. चार कौले फुटलेली दिसली की हळहळतात. एकही फुटलेले नसले तर 'वाचलो' म्हणून आत जातात. आमचे म्हणणे असे की, पाहणी इथे संपत नाही, इथून ती सुरू व्हावयास हवी. फुटलेले कौल अंगणातून दिसते. उचकटलेला सांधा दिसत नाही, आणि कौलारू घर कुजते ते बहुधा सांध्यापासूनच.

सांधा म्हणजे नेमके काय? छपराच्या उताराला, म्हणजे पाख्याला, पाणी वाहून नेण्याचे काम कौले चोख करतात. अडचण येते ती पाखे कशाला तरी भेटते तिथे. पडवीचा उतार मुख्य भिंतीला टेकतो ती एक जागा. दोन पाखी आतल्या बाजूस मिळून पन्हळ होते ती दुसरी. आणि जुन्या स्वयंपाकघराचे धुराडे छपरातून वर येते ती तिसरी. इथे कौलाचे काही चालत नाही. म्हणून वाकवलेल्या पत्र्याची पट्टी घालतात. इंजिनिअर मंडळी तिला 'फ्लॅशिंग' म्हणतात. आपण साधेपणाने जोडपत्रा म्हणू.

वादळात आधी हलतो तो हा जोडपत्रा. वारा छप्पर दाबतो अशी आपली समजूत असते; पुष्कळदा तो ते उचलतो. उतारावरून वेगाने जाणारा वारा वरची हवा विरळ करतो आणि छपराला वर ओढ बसते. कडा, कोपरे आणि आढे यांवर ती सर्वांत अधिक. वजनदार कौल जागेवर राहते, हलक्या पत्र्याची कड मात्र उलते. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळ आमच्या गोव्याच्या वाचकांस आठवत असेल. १५ व १६ मे रोजी ते गोव्याच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे सरकले आणि १७ मेच्या रात्री सौराष्ट्रात दीवजवळ जमिनीवर आले. झाडे पडली, छपरे उडाली, वीज गेली. मृग नक्षत्राला तेव्हा जेमतेम तीन आठवडे उरले होते. बेळगावकडच्या मंडळींस तर वादळाची वाटही पाहावी लागत नाही. एखादा जोराचा वळीव तेवढे काम करून जातो.

आता गळती शोधावी कशी? ओल जिथे दिसते तिथेच वर भोक असेल असे मानू नये. आत शिरलेले पाणी वाशावरून किंवा रिपेवरून खाली धावते आणि हाताहाताच्या अंतरावर जाऊन ठिबकते. म्हणून डागापासून उताराच्या वरच्या दिशेने शोध घ्यावा. भर दुपारी माळ्यावर जाऊन दिवे मालवावेत. जिथून उजेडाची रेघ येते ती जागा खडूने खुणावावी. लाकडावरचे काळसर डाग बोटाने दाबून पाहावेत. लाकूड मऊ लागले तर दुखणे या वादळाचे नसून जुने आहे, असे समजावे.

यानंतर होते ती नेहमीची चूक. गवंडी येतो, फटीत सिमेंट थापतो, वर डांबर फासतो आणि निघून जातो. पहिल्या पावसात समाधान मिळते. परंतु पत्रा उन्हाने वाढतो. पहाटेचा गारवा आणि दुपारचे तापलेले छप्पर यांत चाळीस अंशांचा फरक धरला, तर दहा फुटांचा लोखंडी पत्रा सुमारे दीड मिलिमीटर लांबतो. अ‍ॅल्युमिनियमचा जवळजवळ दुप्पट. ही ओढाताण रोज चालते. सिमेंटला वाकणे ठाऊक नाही, ते तडकते. पुढच्या वर्षी त्याच भेगेतून पाणी शिरते आणि थापलेल्या सिमेंटमुळे आत अडून राहते.

खरी दुरुस्ती अशी. भिंतीवरचे जुने थापण काढून चिऱ्यांच्या किंवा विटांच्या थरांमधील सांध्यात इंचभर खोल खाच घ्यावी. जोडपत्रा दोन तुकड्यांचा असावा. खालचा तुकडा छपराशी बांधलेला आणि भिंतीलगत सहा इंच वर वळवलेला. वरचा तुकडा खाचेत खोचून, पाचर मारून, चुन्याच्या गिलाव्याने बंद केलेला. तो खालच्यावर तीन-चार इंच उतरला पाहिजे. दोघांना एकत्र खिळे मारू नयेत, म्हणजे छप्पर हलले तरी भिंत तडकत नाही. पत्र्याला पत्रा जोडताना वरच्याचे टोक खालच्यावर सहा इंच यावे, कौलावर कौल येते तसे. पन्हळीच्या पत्र्याला खिळे कडेलाच, मधल्या वाटेत एकही नको. समुद्रकाठी जस्ती पत्रा खाऱ्या हवेने लवकर गंजतो. अ‍ॅल्युमिनियम तिथे टिकते, पण ओला चुना आणि सिमेंट त्यालाही खातात, म्हणून खाचेत जाणाऱ्या कडेला आधी डांबरी रंग द्यावा. फुटलेल्या कौलांच्या जागी नवी आणताना जुने कौल नमुन्यास न्यावे. मंगळुरास १८६५ साली बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला, त्यानंतर कारखाने अनेक झाले. दोघांच्या खाचा एकमेकींत बसतीलच असे नाही.

दोन गोष्टी मात्र कामाला हात घालण्याआधीच्या आहेत. नुकसानीची छायाचित्रे काढून पंचनामा करवून घ्यावा; नंतर मदत किंवा विमा मागताना तोच आधार असतो. आणि ओल्या, शेवाळलेल्या छपरावर कोणीही चढू नये. तुटलेली तार कौलांवर पडलेली असू शकते. तोवर ताडपत्री आढ्याच्या पलीकडे नेऊन दोऱ्यांनी घट्ट बांधली तरी चार दिवस निभावतात.

शेवटी एक अवघड गोष्ट. बेळगाव असो, फोंडा असो की बडोदे, आपली कित्येक जुनी घरे आज चार भावांच्या सामाईक नावावर आहेत. तिघे दूरगावी आणि घरात एक वृद्ध वहिनी किंवा काकू. खर्च कोणी करावयाचा हे ठरेपर्यंत दोन पावसाळे जातात. तेवढ्यात पाणी वाशाच्या टोकाशी पोहोचते, वासा कुजला की पाखे खचते, आणि मग 'घर धोकादायक झाले, पाडून टाकू' हे वाक्य कोणीतरी बोलतोच. जे काम एका पत्र्याचे आणि एका दिवसाच्या मजुरीचे होते, त्यापायी वडिलांचे घर जाते. हिश्श्यांचा वाद ज्याला चालवावयाचा त्याने खुशाल चालवावा. त्याला दिवाळीनंतरही वेळ आहे. जोडपत्र्याचे पैसे मात्र चौघांनी मृगाच्या आत पाठवावेत, आणि गवंड्यास काकूंच्या भरवशावर न सोडता कोणीतरी एकाने दोन दिवस रजा काढून समोर उभे राहावे.