जुनी शाफ्ट-ड्राइव्ह बाइक मॉडिफाय करताय? सीट कापण्याआधी मागचं चाक काढा

कॅफे रेसर बनवणाऱ्यांची युरोपातली एक आवडती जुनी बाइक म्हणजे १९७८ मध्ये आलेली होंडा सीएक्स ५००. लंडनच्या कुरिअरवाल्यांनी तिला अक्षरशः राबवलं. जर्मनीत तर तिचं टोपणनावच 'शेणकाल्याचा पंप' पडलं! आता तिचीच मागची फ्रेम कापून, सपाट सीट बसवून फोटो काढले जातात. गडबड इथेच होते.

या बाइकला चेन नाही. इंजिनाची ताकद शाफ्टमधून मागच्या चाकाकडे जाते. चेनच्या बाइकवर स्प्रॉकेट बदललं की गिअरिंग बदलतं, इथे ती सोय नाही. फार रुंद टायर टाकला तर तो शाफ्टच्या बाजूला घासू शकतो. मागची बाजू जास्त उचलली तर युनिव्हर्सल जॉइंटचा कोन वाढतो आणि तो लवकर झिजतो.

त्यामुळे पहिले पैसे न दिसणाऱ्या जागी घालावेत. चाक फायनल ड्राइव्हला जिथे अडकतं, तिथल्या स्प्लाइन्सचे दाते बघा. ते झिजून टोकदार झाले असतील तर ग्रीस लावून भागत नाही, भागच बदलावा लागतो. चांगले असतील तर मॉली पेस्ट लावा, फायनल ड्राइव्हचं तेल बदला.

वॉटर पंपाचं सील ही आणखी मोठी कटकट. ते बदलायला अख्खं इंजिन उतरवावं लागतं. रंगकाम आटोपल्यावर गळती दिसली, तर नव्या रंगावर ओरखडे ठरलेलेच. ब्रेकचे जुने रबरी पाइप मात्र तपासत बसू नका, सरळ बदला.